पाणी आलं कुठून, यावर सगळं ठरतं

"घराचा विमा असला की तळघरात पाणी शिरलं तरी भरपाई मिळते" हे तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या पावसाने इथल्या नेवार्क शहरात ८ इंचांहून जास्त पाणी ओतलं. आमच्याकडे वीज गेली, तळघरातलं पाणी उपसणारा पंप बंद पडला आणि फरशीतल्या जाळीतून काळं, घाण वासाचं पाणी वर यायला लागलं. आईने शिवलेल्या गोधड्या, लग्नाचे अल्बम, सगळं खाली खोक्यांत. अल्बमची पानं एकमेकांना चिकटली ती सुटलीच नाहीत.

विमा कंपनीचा पहिला प्रश्न: पाणी आलं कुठून? घरातला पाइप अचानक फुटला असता तर बहुधा पैसे मिळाले असते. बाहेरून शिरलेला पूर साध्या घरविम्यात बसत नाही, त्याला वेगळा पूरविमा लागतो. गटार तुंबून किंवा पंप बंद पडून आलेल्या पाण्यासाठी आणखी वेगळा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला वरून जोडायचं जादा संरक्षण. तो आम्ही घेतलाच नव्हता. सरकारी पूरविम्यातही तळघरातल्या फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी), वॉटर हीटर, पंपाचे पैसे मिळतात, पण कार्पेट आणि सोफ्याचे नाहीत. शिवाय तो लागू व्हायला सहसा ३० दिवस जातात, त्यामुळे वादळाची बातमी ऐकून फोन फिरवण्यात काही अर्थ नाही.

इकडे नवीन घर घेतलेल्यांनो, आजच आपल्या पॉलिसीचे कागद उघडा, त्यात 'वॉटर बॅकअप' (म्हणजे गटारातून उलटं वर येणारं पाणी) हे शब्द शोधा आणि समोर रकमेची मर्यादा किती लिहिली आहे तेही बघा.