खानापूरचे सिद्दी कुणाचे?

१ नोव्हेंबर जवळ आला की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काळ्या दिनाच्या (मराठी भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या) सायकल फेरीचे मेसेज सुरू होतात आणि मी इकडं जर्मनीत फ्लेन्सबर्गला बसून ते सगळे वाचतो. मराठीवर अन्याय झालाय हे आजोबांपासून ऐकत आलोय, मान्यच आहे. पण आपल्याच तालुक्यातल्या सिद्दींबद्दल तिथं कधी एक ओळ येत नाही, याचं फार वाईट वाटतं.

सिद्दी म्हणजे पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेली माणसं, त्यातली पळून आलेली आपल्या जंगलात राहिली. शाळेत एक सिद्दी मुलगा माझ्या बाकावर होता, कोकणी-मराठी मिसळून बोलायचा. त्याची आई जुन्या लुगड्यांची कवदी, म्हणजे गोधडी, शिवायची, चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या चिंध्यांची फुलं लावायची, त्याशिवाय कवदी नागडी दिसते म्हणायची. २००३ साली सिद्दींना अनुसूचित जमातींत (एसटीत) घेतलं, पण फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, म्हणजे हल्याळचा त्याचा आतेभाऊ एसटी आणि हा खानापूरचा म्हणून नाही, जंगल तेच, माणसं तीच! बेळगाव-धारवाडच्या सिद्दींसाठी कायदा दुरुस्त व्हायला २०२० उजाडलं. त्याचं नोकरीचं वय त्यातच गेलं.

इथं फ्लेन्सबर्गकडं १९२० साली मतदान घेऊन जर्मनी-डेन्मार्कची सीमा ठरली तरी बरेच डेन लोक जर्मनीत राहिले. १९५५ साली सरकारनं जाहीर केलं की कुणी स्वतःला डेन म्हणत असेल तर अधिकाऱ्यांनी ते तपासायचं नाही. आरक्षण असतं तिथं जमातीचा दाखला तपासावाच लागणार, ते कळतं मला. पण मला भिडली ती वेगळीच गोष्ट, डेन लोकांच्या पक्षानं फ्रिजियन या इथल्याच दुसऱ्या अल्पसंख्य लोकांनाही सोबत घेतलंय, आणि डेन लोकांमागं डेन्मार्क तरी आहे, फ्रिजियनांमागं कुठलाच देश नाही.

आपल्यामागं महाराष्ट्र आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमेचा दावा आहे. सिद्दींमागं कोण आहे? आपण मराठीतून सरकारी कागद मागतो त्याच निवेदनात सिद्दींच्या दाखल्याची एक मागणी घातली तर आपलं काय कमी होणार आहे?

त्या मित्राची मुलगी आता नववीत आहे. दाखल्यासाठी कचेरीत तीन खेपा झाल्या, आजोबांचे कागद मागतात, जंगलात जन्मलेल्या माणसाचे कुठून आणायचे त्यानं? मे महिन्यात मी गावी येतोय, चौथ्या खेपेला त्याच्याबरोबर जाणार आहे. महाराष्ट्र एकीकरण समितीतलं कुणी सोबत येणार असेल तर ग्रुपवर कळवा.