चिमण्यांच्या पाण्यात पारा टाकायला निघालेल्यांसाठी

असल्या फॉरवर्डला उत्तर द्यायला एरवी मी बसले नसते. पण हा मेसेज आमच्या आत्यापर्यंत पोचला आणि तिने फोन करून विचारलं, "तुझ्याकडं तो जुना काचेचा थर्मामीटर हाय का गं?" ताप कुणालाच नव्हता. थर्मामीटर फोडून त्यातला पारा गच्चीवरच्या पक्ष्यांच्या पाण्यात सोडायचा होता.

मेसेज थोडक्यात असा: पारा हा शिवधातू, तो पाण्यात टाकला की पाणी नासत नाही आणि पक्ष्यांना उष्माघात होत नाही. पाऱ्याने पक्ष्यांना अपाय होत नाही, तो पिसांतून निघून जातो. साप तर स्वतःच विषारी, त्यांना काय होणार! आणि सोलापुरात पाऱ्याचा कारखाना नाही, तेव्हा प्रदूषणाच्या गप्पा परदेशातल्या. खाली हात जोडलेले पाच-सहा इमोजी.

आधी त्या परळाचंच, म्हणजे पक्ष्यांसाठी पाणी ठेवायच्या पसरट भांड्याचंच बोलू. एका थर्मामीटरमध्ये साधारण 1 ग्रॅम पारा असतो. तो पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे तळाशी गोळी होऊन बसणार. सकाळी भरलेलं मातीचं परळ एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत कोरडं ठाक पडतं, हे गच्चीवर पाणी ठेवणाऱ्या कुणालाही विचारा. मग तापलेल्या परळात उरते ती उघडी पडलेली पाऱ्याची गोळी. पाऱ्याची वाफ व्हायला चूल पेटवावी लागत नाही. तो साध्या हवेतही उडत असतो, आणि तापमान 10 अंशांनी वाढलं की वाफेचं प्रमाण साधारण दुप्पट होतं. इथे तर हवाच 42-43 अंशांवर असते, स्लॅबचं तर बोलायलाच नको. वाफेला ना रंग ना वास. साळुंकी परळाच्या काठावर चोच उघडी टाकून धापा टाकत बसते ती नेमकी याच वेळेला, म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर ती वाफ आत. गच्चीवर पापड-कुरडया वाळत घातल्या असतील तर राखण करणारी माणसंही तिथेच. आणि पाऱ्याने उष्माघात कसा टळतो, हे मेसेज लिहिणाऱ्यानेच समजावून सांगावं. पाणी नासू नये असं वाटत असेल तर परळ रोज घासा, पाणी बदला, सावलीत ठेवा. काम संपलं.

शिवधातूबद्दल मी वाद घालत नाही. सिद्धरामेश्वरांच्या गावची आहे, श्रद्धा मलाही कळते. पण देव्हाऱ्यातली वस्तू चिमणीच्या पाण्यात का?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. धातूरूपातला पारा गिळला गेला तर तो शरीरात फारसा शोषला जात नाही, बहुतेक तसाच बाहेर पडतो. "आमच्या पोराने गिळला, काही झालं नाही" ही गोष्ट यातूनच आली असणार. पण परळ धुतलं, पाणी मोरीत गेलं, मोरीतून नाल्यात, नाल्यातून कुठल्या तरी तळ्याच्या गाळात, की तिथले जिवाणू पाऱ्याचं मिथिलमर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं जास्त विषारी संयुग, करतात. ते मात्र शरीरात जवळजवळ सगळं शोषलं जातं. किड्यांतून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात, तिथून बगळ्यात, आणि दर पायरीला त्याचं प्रमाण वाढत जातं.

त्याने काय होतं? हिप्परगा तलावावर चिखलात चोच खुपसत फिरणारा पांढरा शराटी पाहिला असेल. त्याच्या अमेरिकी भाऊबंदांवर फ्लोरिडात पीटर फ्रेडरिक आणि निलमिनी जयसेना या संशोधकांनी प्रयोग केला. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना 3 वर्षं मिथिलमर्क्युरी घातलेलं खाद्य दिलं. किती? 1 किलो खाद्यात जास्तीत जास्त 0.3 मिलिग्रॅम, म्हणजे रानातल्या पाणपक्ष्यांच्या पोटात नेहमी जातं तेवढंच. नरांचं प्रियाराधन मंदावलं, माद्या त्यांच्याकडे कमी फिरकू लागल्या, सर्वाधिक मात्रेच्या गटात 55 टक्क्यांपर्यंत नरांनी नरांशीच जोड्या जमवल्या आणि उडण्याजोगी पिल्लं सरासरी 35 टक्क्यांनी घटली. (यावरून माणसांवर घसरू नका, अभ्यास पक्ष्यांचा आहे.) हे गच्चीवरून कुणाला दिसणार? पक्षी तर उडताना दिसतोच.

पिसांचं म्हणणं अर्धं खरं. वाढत्या पिसात पारा जाऊन बसतो आणि पीस गळलं की जातो. पण पीसगळ काय रोज होते? मधल्या काळात मेंदू, यकृत, मूत्रपिंडं आहेतच, आणि मादी तर तो अंड्यातही उतरवते. स्वीडनमध्ये पाऱ्याचं औषध लावलेलं बियाणं खाऊन दाणे टिपणारे पक्षी आणि त्यांना खाणारे शिकारी पक्षी मेले. संग्रहालयातली जुनी पिसं तपासली तेव्हा 1940 नंतर पारा वाढल्याचं त्या पिसांनीच दाखवलं. 1966 मध्ये तिथे त्या औषधांवर बंदी आली.

सापाचा मुद्दा तर हसण्यावारी न्यावा असा. विष असतं ग्रंथीत. त्याचा पाऱ्याशी काय संबंध? शिवाय तळ्याकाठची पाणदिवड आणि शेतातली धामण दोन्ही बिनविषारी, आणि पाणदिवड जगते मासे-बेडकांवर. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात साउथ नदीत कारखान्याचा पारा गेला, तिथल्या कासवांच्या माद्यांकडून तो अंड्यांत उतरला आणि अंडी कमी उबली.

राहिला कारखाना. दगडी कोळशात पारा असतो आणि 1,320 मेगावॉटचा कोळशावरचा वीज प्रकल्प आपल्या दक्षिण सोलापुरातच आहे. धुरातला पारा किती पकडला जातो हा वेगळा विषय. पण उसाचं काय? बेणं बुडवायला एमिसानसारखी पाऱ्याची बुरशीनाशकं वर्षानुवर्षं वापरात होती. त्यातल्या मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइडवर केंद्र सरकारने 2018 मध्ये बंदी घातली. कुणाच्या शेडमध्ये जुना पुडा पडला असेल तर तो विहिरीत किंवा कॅनॉलमध्ये टाकू नका, जाळू नका. पिशवीत घट्ट बांधून पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा आणि गावच्या कृषी सहायकाला विचारा.