आपलेच निघाले!

"किती वेळ काचेला नाक लावून उभं राहायचं माणसानं! हलतच नाही हा."

घानातल्या एका संग्रहालयात, केंटेच्या, म्हणजे तिथल्या पट्ट्या जोडून केलेल्या हातमागाच्या कापडाच्या कपाटासमोर, पाठीमागून हे आलं. मराठीत. हा म्हणजे मी.

वळून म्हटलं, "झालंच, काका." ओशाळतील? छे! "अरे वा, आपलेच निघाले! मग सांगा, एवढ्या चिंध्या का जोडल्यात? मोठा माग नव्हता यांच्याकडे?"

चिंध्या! तरी सांगितलं. घानातल्या असांटे लोकांच्या विणकराचा माग अरुंद, पट्टी जेमतेम चार इंचांची. पुरुषाच्या वस्त्राला अशा वीस-चोवीस पट्ट्या, काठाला काठ शिवून. ताणा, म्हणजे उभे धागे, समोर लांबवर पसरलेला, टोकाला वजनाचा दगड. विणलेलं गुंडाळत जावं तसा दगड फरफटत जवळ येतो. ताणा वर-खाली करायच्या दोऱ्या पायाच्या बोटांत. दोऱ्यांच्या एका जोडीनं धागे सुटे उचलले की ताण्याचे पट्टे दिसतात. दुसरीनं ते जुडग्यांनी उचलले की बाणा, म्हणजे आडवा धागा, दाट बसतो, ताणा पार झाकला जातो. हे दोन तऱ्हेचे चौकोन आलटून पालटून. शिवताना भरीव चौकोनाशेजारी पट्ट्यांचा चौकोन यायला हवा. ठोक कुठे सैल, कुठे घट्ट पडला की चौकोन लांबतो, आणि पुढची सगळी जुळणी बिघडते.

काकांनी शांतपणे ऐकलं. मग काकूंकडे वळून, "म्हणजे मोठा माग नव्हताच. मी म्हटलं नव्हतं?"

शिवाय अंधार किती, म्हणून मोबाइलचा दिवा पेटवला. जुन्या कापडावर पन्नास लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड टाकायचा नसतो. उडालेला रंग परत येत नाही, आणि नुकसान दर वेळी साठतच जातं. हे सांगितल्यावर दिवा विझला, पण चेहऱ्यावर 'कंजूष लेकाचे' राहिलं.

खरा राग मात्र फलकावर आहे. गुडघ्याच्या उंचीवर, बारीक अक्षरांत: 'कापूस, रेशीम. असांटे.' दगड नाही, पायाची बोटं नाहीत, पट्टी कशी जुळते त्याची एक रेघ नाही. शेजारी सोन्याची भुकटी तोलायची पितळी वजनं, त्यांनाही तीच गत. मेणाची आकृती, तिच्यावर मातीचा लेप, मेण वितळवून काढायचं, पितळ ओतायचं, साचा फोडायचा. म्हणजे एका साच्यातून एकच वजन. फलक म्हणतो, 'पितळ.' ते आम्हालाही दिसतंय हो!

एवढ्यात इतका वेळ गप्प असलेल्या काकू म्हणाल्या, "अहो, ती डावीकडून सहावी पट्टी बघा. चौकोन सरकलाय तिचा."

काकांनी वाकून पाहिलं. "डिफेक्टिव्ह पीस," म्हणाले, आणि पुढच्या दालनात गेले.