‘राखी चोर’ आणि तुमचा आक्षेप

नमस्कार,

उजनी धरणाकाठच्या भिगवणच्या पक्ष्यांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं असं: ‘राखी चोर’ हा फोटो (राखी बगळ्याच्या चोचीत मासा आणि त्याच्या अंगावर धावलेला चित्रबलाक, म्हणजे पेंटेड स्टॉर्क) होडीतून मासा फेकून जुळवून आणलाय, बगळ्याला चोर ठरवणं पोरकटपणा आहे, आणि उडत्या रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) फोटो म्हणजे पक्ष्यांना दिलेल्या त्रासाचा पुरावा.

मासा फेकलेला नव्हता. तिथे मासे टाकून कुरवांना (सीगलना) होडीमागे बोलावतात, ते मीही पाहिलंय. पण चित्रबलाकाची मासेमारीच वेगळी. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून तो डावी-उजवीकडे फिरवत चालतो, पायाने गाळ ढवळतो, मधूनच एखादा पंख फटकन उघडतो. मासा चोचीला लागला की चोच मिटलीच. नजरेचं काम फारसं नाही, त्यामुळे उजनीच्या गढूळ पाण्यातही त्याचं भागतं. राखी बगळ्याचं उलट. त्याला मासा दिसावा लागतो. म्हणून तो ढवळणाऱ्या बलाकापासून चार पावलांवर उभा राहतो आणि बिथरून निसटलेले मासे टिपतो. त्या सकाळी तासभर हेच चाललं होतं, आणि आमची होडी तेवढा वेळ बांबू रोवून एका जागी थांबवलेली होती.

आता चोरीचं. तुम्हाला ठणकावून उत्तर द्यायचं म्हणून मी त्या वेळचे सगळे 23 फोटो क्रमाने उघडले, आणि माझीच पंचाईत झाली. बलाकाने चिलापी पकडली होती, चांगली तळहाताएवढी रुंद. ती डोक्याकडून गिळायला म्हणून तो उडवून फिरवत होता. तीन वेळा फिरवली, चौथ्यांदा ती निसटून पाण्यात पडली. बगळा त्यानंतर पुढे आला. मी लेखात टाकलेला फोटो त्याच्याही नंतरचा: बगळ्याच्या चोचीत मासा, आणि बलाक पंख पसरून त्याच्या अंगावर धावलेला. एवढंच पाहिलं तर चोरी वाटते. ओरडत होता तोही बगळाच. मोठ्या बलाकाला आवाज जवळजवळ नसतोच, तो नुसती चोच वाजवतो. थोडक्यात, पडलेला मासा उचलणाऱ्याला मी चोर म्हणालो. मथळा बदललाय आणि आधीचे चार फोटोही जोडलेत.

रोहितांबद्दल मात्र माझ्याकडे बचाव नाही. नावाडीदादांनी विचारलं, “उडवू का?” मी हो म्हणालो नाही, पण नकोही म्हणालो नाही. कॅमेरा डोळ्याला लावला. खरं तर इशारा आधीच मिळाला होता. चरणारा रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळत असतो. अर्ध्याअधिक माना वर आल्या आणि सगळा थवा एकाच दिशेने चालू लागला, की आपण फार जवळ आलोय असं समजायचं. त्यांना उडायला पाण्यावरून धावावं लागतं, म्हणून ते आधीच चालायला लागतात. मी ते पाहिलं आणि शटर स्पीड वाढवला. तो फोटो काढून टाकलाय. दादांना दोष देऊ नका. असे फोटो मिळाले की गिऱ्हाईक खूश होतं, हे त्यांना आमच्यासारख्यांनीच शिकवलंय.

‘होडी सोडा, काठावरून फोटो काढा’ हा तुमचा सल्ला मात्र मला पटत नाही. मच्छीमारांच्या होड्या तिथल्या पक्ष्यांच्या रोजच्या ओळखीच्या. गाळातून पायी येणारा माणूस दिसला की ते कितीतरी लांबूनच उठतात. पुढच्या खेपेला होडीतच बसेन, फक्त निघण्यापूर्वीच दादांना सांगेन की उडवायचे नाहीत.

आणि हो, तुम्ही विचारलंत की शेवटी मासा कोणी खाल्ला. चोविसाव्या फोटोला कॅमेऱ्याचा बफर (फोटो तात्पुरते साठवायची जागा) भरला. तो मोकळा होईपर्यंत बगळा पलीकडच्या बेटावर जाऊन बसला होता, पाठमोरा.