जीपीएस असताना पेन्सिल कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. वैमानिक वाट कशी शोधतात या माझ्या लेखावर तुम्ही रागावून लिहिलंय: मी जुन्या काळाचे गोडवे गातो, जीपीएस असताना घड्याळ-नकाशा-पेन्सिल शिकवणं म्हणजे वेळ वाया घालवणं, आणि फ्लाइंग स्कूलमध्ये तुमच्या भाच्याला नेमकं हेच करायला लावतात.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. उपग्रहांनी काय दिलं, ते माझ्या लेखात फारच थोडक्यात आलं. २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला आपल्या ‘गगन’च्या (जीपीएस अधिक अचूक करणाऱ्या भारतीय उपग्रह यंत्रणेच्या) आधाराने प्रवासी विमान उतरलं. आयएलएस, म्हणजे रेडिओ संकेतांनी विमानाला धावपट्टीपर्यंत आणणारी जमिनीवरची यंत्रणा, नसलेल्या छोट्या विमानतळांसाठी ही फार मोठी सोय आहे.

पण जुनी पद्धत संपली, हे मला पटत नाही. ठाऊक असलेल्या जागेवरून निघायचं. दिशा, वेग आणि वेळ यांचा हिशेब करत आपण कुठे आहोत ते काढायचं, हे डेड रेकनिंग. मोठ्या विमानातली इनर्शियल यंत्रणा तेच करते, फक्त पेन्सिलीच्या जागी जायरो (वळणं मोजणारा) आणि प्रवेगमापक (वेगातला बदल मोजणारा) असतात. सुरुवातीचा आकडा चुकला की पुढचं सगळं चुकतं. १० मार्च २०१५ ला सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एअरबस ए-३३० मध्ये हेच झालं. गेटवर उभं असताना यंत्रणेत त्या जागेचा रेखांश भरायचा होता १५१ अंश ०९.८ मिनिटं, भरला गेला १५ अंश १९.८. विमान सिडनीत आणि यंत्रणेच्या हिशेबात ते केप टाउनच्या पश्चिमेला समुद्रात, ११,००० किलोमीटरहून जास्त लांब! उड्डाणानंतर ते भलत्याच बाजूला वळू लागलं आणि शेवटी मेलबर्नला उतरवावं लागलं. आकडा एकानेच भरला होता, पण तो खरा आहे का हे विचारायच्या संधी दोन्ही वैमानिकांना होत्या.

जीपीएसचं म्हणाल, तर सुमारे २०,००० किलोमीटरवरून येणारा तो सिग्नल अगदी क्षीण असतो. २०२३ पासून इराकच्या आसपास उडणाऱ्या विमानांना खोटे सिग्नल मिळत असल्याच्या तक्रारी आल्या, आपल्या हवाई वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीएने परिपत्रकही काढलं. अशा वेळी जमिनीवरचं जुनं व्हीओआर-डीएमई, म्हणजे दिशा आणि अंतर सांगणारं रेडिओ केंद्र, कामी येतं.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. बारामतीहून सोलापूरला शिकाऊ म्हणून जात होतो. मांडीवर नकाशा, त्यावर जायच्या मार्गाची रेष आणि रेषेवर दर दहा मैलांची खूण. तिसाव्या मैलाला उजनी धरणाची भिंत डावीकडे सात मैलांवर दिसायला हवी होती. दिसली जेमतेम तीन मैलांवर. म्हणजे वारा आम्हाला चार मैल डावीकडे ढकलत होता. साठ मैलांत एक मैल सरकलं तर एक अंश, हा आमचा पाढा. तीसात चार म्हणजे आठ अंश. तेवढं उजवीकडे वळलो की रेषेला समांतर, मूळ रेषेवर यायला आणखी थोडं. वारा नावाची वस्तू मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळली. जीपीएसच्या पडद्यावर मार्ग दाखवणारी गुलाबी रेष हा हिशेब परस्पर करून टाकते, म्हणून शिकणाऱ्याला तो एकदा तरी हाताने करू द्यावा असं मी पोटतिडकीने म्हणतो.

आता दुसरी बाजू, कारण नुसत्या डोळ्यांवरही माझा विश्वास नाही. २४ सप्टेंबर १९७२ ला मुंबईत जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं. दोन्ही विमानतळ शेजारी-शेजारी, धावपट्ट्यांची दिशा जवळपास सारखी. जुहूची धावपट्टी एवढ्या विमानाला कुठली पुरणार? ते टोक ओलांडून पुढे गेलं, कायमचं निकामी झालं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. समोर धावपट्टी दिसली, तेव्हा उपकरणांकडे बघून एकदा ताडून घेतलं असतं तर हे टळलं असतं.

भाच्याला सांगा, टॅब्लेट बरोबर ने, जरूर ने. फक्त दर दहा मिनिटांनी आधी नकाशावर पेन्सिलीने ‘मी इथे आहे’ अशी खूण कर आणि मगच पडद्याकडे बघ. दोन्ही जुळलं नाही, तर त्या दिवशीचा वारा काय होता ते उतरल्यावर शोधून काढ. ते कळवलंत तर मला खरंच आवडेल.