पिवळा दिवा आणि संन्याशाची फाशी

कॉम्प्युटरचं बटन दाबलं की पंखे गरगरतात, कॅबिनेटच्या पोटात इंद्रधनुष्य उगवतं आणि मॉनिटर शांतपणे सांगतो, ‘नो सिग्नल’. बंद पडायचं तर धड बंद तरी पडावं! पंखाच फिरला नाही तर एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) आळ घेऊन मोकळं होता येतं. पण ‘सगळं चालू आहे, फक्त काहीच चालत नाही’ या अवस्थेला काय करणार? आणि ते इंद्रधनुष्य मोजू नका. रंगीत दिव्यांना वीज मिळाली की झालं, प्रोसेसर जिवंत आहे की नाही याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं.

एकेकाळी ही यंत्रं तोंडानं बोलायची. १९८१ च्या आयबीएम पीसीत चालू होतानाची तपासणी सुखरूप पार पडली की एक छोटी पिप वाजायची. आता बहुतेक कॅबिनेटमध्ये स्पीकरच नसतो. यंत्र मुकं झालं, म्हणून खाणाखुणा करायला लागलं. मदरबोर्डच्या कडेला, बहुधा २४ पिनांच्या जाडजूड कनेक्टरच्या आसपास, टाचणीच्या डोक्याएवढे चार दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं). नावं इतक्या बारीक अक्षरांत छापलेली, की चष्मा लावून गुडघ्यावर बसलात तरी केबलच आडवी येते. मोबाइलनं फोटो काढा आणि मोठा करून वाचा. आरजीबीच्या (त्या रंगीत दिव्यांच्या) रोषणाईत हा काजवा डोळ्यांनी शोधण्यात अर्थ नाही.

चालू करताना हे दिवे बहुधा याच क्रमानं लागतात आणि विझतात. लुकलुकून गेलेल्याकडे दुर्लक्ष करायचं. जो लागून राहिला, तो आपला. मात्र दिव्याला गुन्हेगार ठाऊक नसतो. तपासणी कुठल्या पायरीवर अडली, एवढंच तो सांगतो. तरीही डीरॅमचा दिवा (बऱ्याच बोर्डांवर पिवळा) दिसला रे दिसला की लोक नवी रॅम मागवतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

या संन्याशाची चौकशी नीट करायची तर आधी एसएमपीएसचा स्विच बंद करून प्लग काढा, मग पॉवरचं बटन दहा सेकंद दाबून धरा. कॉम्प्युटर ‘बंद’ असला तरी प्लग लावलेला असेपर्यंत बोर्डावर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा जागाच असतो. तशा स्थितीत रॅम उपटणं म्हणजे निजलेल्या वाघाची मिशी ओढणं. बोर्डावरचा शेवटचा दिवा विझला की कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि सगळ्या रॅम काढा. एकच पट्टी घेऊन प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. चार स्लॉटच्या बोर्डावर बहुधा त्याच्याजवळ ए-२ लिहिलेलं असतं. पहिला स्लॉट पहिला म्हणून तिथं लावायचा मोह होतो, पण बहुतेक बोर्ड ‘एकच पट्टी असेल तर ए-२’ असं मॅन्युअलमध्ये बजावून सांगतात. मॅन्युअल कुठं असतं ते विचारू नका.

खाच मधोमध नसते, त्यामुळे उलटी पट्टी बसणार नाही. सुलटी मात्र अर्धवट बसते, आणि खरी मेख इथं आहे. कित्येक बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते. त्या बाजूचा ‘खट्’ ऐकून माणूस खूश होतो आणि दुसरं टोक मिलिमीटरभर वर राहतं. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून दाबा. बोर्ड जरासा वाकल्यासारखा वाटतो, पोटात गोळा येतो, पण एवढा जोर लागतोच.

मग अदलाबदल. तीच पट्टी वेगळ्या स्लॉटमध्ये, दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये, एका वेळी एकच बदल. एक पट्टी कुठंच चालत नसेल तर ती गेली. दोन्ही पट्ट्या एका स्लॉटमध्ये अडतात आणि दुसऱ्यात धावतात, तर रॅम निर्दोष. मग दोष स्लॉटचा, किंवा थेट प्रोसेसरच्या खालचा. मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) हल्ली प्रोसेसरमध्येच असतो. सॉकेटची एखादी पिन वाकली किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूनं जास्त आवळले गेले, तरी बोंब रॅमच्या नावानं होते. स्क्रू सैल करून तिरप्या क्रमानं थोडेथोडे आवळून पाहा. रॅमच्या कडेचे सोनेरी कॉन्टॅक्ट खोडरबरानं घासण्याचा घरगुती उपाय मला पटत नाही. सोन्याचा मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड पुरतं.

डीडीआर-५ या नव्या पिढीच्या रॅमचं आणखी वेगळं. नवी रॅम लावली की पहिल्यांदा ट्रेनिंग (रॅम आणि प्रोसेसरनं एकमेकांशी वेळ जुळवणं) चालतं, काही बोर्डांवर कित्येक मिनिटं. पडदा काळा, दिवा पिवळा, आपण कासावीस. तीन मिनिटांत धीर सुटतो, बटन दाबून बंद करतो आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटं यंत्राजवळून उठून जा, शक्यतो दार ओढून घ्या.

सीपीयूचा दिवा अडला तर घाबरण्याआधी बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला ८ पिनांचा प्लग बघा. तो विसरला तरी पंखे मजेत फिरतात. त्याची केबल ४+४ अशी दुभंगते, ग्राफिक्स कार्डची ६+२ अशी. जोर लावावा लागला, तर ती चुकीची आहे. शिवाय बोर्ड जुना आणि प्रोसेसर नवा असेल तर बायोस (बोर्डातला सुरुवातीचा प्रोग्राम) त्याला ओळखच देत नाही.

व्हीजीएच्या बाबतीत आधी कॅबिनेटच्या मागे जा. केबल मदरबोर्डच्या पोर्टात खुपसलेली असते आणि कार्ड बिचारं रिकाम्या हातानं उभं असतं. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमधले ग्राफिक्स बंद असतात, बोर्डच्या पोर्टातून चित्र येणारच नाही. बूटचा दिवा त्यामानानं सौम्य: बाकी तिघे पास, फक्त डिस्क सापडत नाही. एम-२ ची पट्टी (पट्टीच्या आकाराची डिस्क) तिरकी घालून आडवी करायची आणि स्क्रू लावायचा असतो. तो स्क्रू आता कुठं आहे, हा वेगळा तपास.

बऱ्याच ब्रँडेड मशीनमध्ये दिवे चार नसून एकच, पॉवरच्या बटनातला. तो ठेक्यात लुकलुकतो. डेलच्या बऱ्याच डेस्कटॉपवर दोन आणि मग तीन म्हणजे रॅम सापडली नाही, तीन आणि मग एक म्हणजे सीएमओएसची (बायोसच्या सेटिंग्ज जपणाऱ्या मेमरीची) बॅटरी गेली. मोजताना मधलाच ठोका पहिला धरला की तीन-दोनचं दोन-तीन होतं. व्हिडिओ काढून मोजा. महागड्या बोर्डांवर दोन आकड्यांचा किंवा अक्षरांचा कोड दिसतो, तिथं ६ आणि बी जुळे भाऊ. काही बोर्डांवर सुरू झाल्यावर तोच डबा प्रोसेसरचं तापमान दाखवतो, आणि चालत्या यंत्रासमोर बसून माणूस ‘एरर ४५’चा अर्थ शोधत राहतो.

काहीच जमलं नाही तर सीएमओएस क्लिअर: प्लग काढून सीआर-२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी पाच मिनिटं बाहेर, मग परत आत. चारही दिवे विझतात, पडदा उजळतो. घड्याळ मागं गेलेलं असतं आणि ३२०० ची रॅम २१३३ वर रांगत असते, कारण एक्सएमपी (रॅम जाहिरातीतल्या वेगानं पळवणारी बायोसची सेटिंग) बंद झालं. जाहिरातीतला तो वेग म्हणजे मुळात ओव्हरक्लॉकच, प्रमाणित वेगापेक्षा जास्त पळवणं. पण विकत घेतलेला वेग वाया कसा घालवायचा? बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करायचं, सेव्ह करायला एफ-१० दाबायचं, ‘येस’ म्हणायचं.

पंखे गरगरतात. इंद्रधनुष्य उगवतं. पिवळा दिवा लागतो, आणि लागूनच राहतो.