ईएसआर 52 म्हणजे प्री-एक्लॅम्पसिया नव्हे

‘गरोदर बाईचं ईएसआर, सीआरपी वाढलं म्हणजे अंगात सूज आहे, प्री-एक्लॅम्पसिया सुरू झालाच. मीठ तोडा, अ‍ॅस्पिरिन थांबवा, हळदीचा काढा घ्या, बीपी आपोआप उतरेल.’ हा फॉरवर्ड भाचीच्या सासरच्या ग्रुपवर फिरला. (ईएसआर, सीआरपी म्हणजे अंगातल्या दाहाचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासण्या; प्री-एक्लॅम्पसिया म्हणजे गरोदरपणात बीपी चढून इतर अवयवांवरही परिणाम करणारा आजार.) तिला पाचवा महिना. कुठल्याशा पॅकेजमध्ये ईएसआर 52 आलेला, म्हणून घाबरून तिने तीन रात्री गोळी घेतलीच नाही. आणि वीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या मावशीला विचारायचं सुचलं चौथ्या दिवशी!

अगं, गरोदरपणात रक्तातलं फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रोटीन, वाढतं, तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून भराभर खाली बसतात. ईएसआर तेवढंच मोजतो. ठणठणीत गरोदर बाईचाही तो पन्नाशी गाठतो.

झक मारत एक कबूल करते: प्री-एक्लॅम्पसियात दाह वाढतो, हे खरं. ऑक्सफर्डच्या रेडमन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये तेच मांडलं. पण त्यांचं पुढचं म्हणणं फॉरवर्डवाल्याने गिळलं. हा दाह निरोगी गरोदरपणातही असतोच, प्री-एक्लॅम्पसियात तो हाताबाहेर जातो. म्हणून नुसत्या सीआरपीवरून निदान होत नाही. ते होतं 20 आठवड्यांनंतर 140/90 किंवा त्यावर टिकलेल्या बीपीवरून, आणि सोबत लघवीत प्रोटीन किंवा प्लेटलेट्स, लिव्हर, किडनी यांत बिघाड असेल तर.

मीठ? रक्तातला दाह आणि पायावरची सूज एकाच शब्दात कोंबली की असले सल्ले सुचतात. प्री-एक्लॅम्पसिया टाळायला मीठ तोडा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही.

खरा संताप अ‍ॅस्पिरिनचा. पहिल्या खेपेला भाचीचं बीपी चढलं होतं, म्हणूनच डॉक्टरांनी बाराव्या आठवड्यापासून ती गोळी दिली. 2017 च्या ‘अ‍ॅस्प्रे’ चाचणीत जास्त धोका असलेल्या बायकांना 11 ते 14 आठवड्यांपासून रोज रात्री 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. 37 आठवड्यांआधी प्रसूती करावी लागेल असा प्री-एक्लॅम्पसिया अ‍ॅस्पिरिनवाल्या 798 जणींत 13 जणींना झाला, खोट्या गोळीवाल्या 822 जणींत 35 जणींना. आणि हा महाभाग म्हणतो, तीच थांबवा! एकदा चढलेलं बीपी मात्र ही गोळी उतरवत नाही, त्याची औषधं वेगळी.

हळद आमटीत घाला.

भाचीने डॉक्टरांना फोन केला, गोळी त्याच रात्री सुरू झाली. काल बीपी 118/76, लघवी स्वच्छ. ईएसआर पुन्हा करायला कुणी सांगितलं नाही.